कन्हेरीच्या छतावरचं अर्धं सारवण

आक्का, आधी भांडण मिटवू. रडायचं ते मग बघू.

तुझी राख सावडायला पळसदेवला आलो होतो. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती आणि जो तो एकच बोलत होता. "सिलिंगला सारवण करायचं आक्काच्याच डोक्यातनं निघालं. बाकीचे नुसते धनी झाले." बाकीचे म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती, बोलणाऱ्याने माझ्याकडे बघितलंच. मी मान खाली घातली. दुसऱ्याच्या दारात, तेही अशा दिवशी, आवाज चढवायचा नसतो एवढं मला कळतं. पण आता मी बारामतीत माझ्या सिलिंगच्या दुकानात बसलोय, शटर अर्धं खाली ओढलंय, आणि तू उलट बोलू शकत नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हा ऐक. ती कल्पना माझी होती.

तुमच्या शेजारच्या बंगल्याच्या सिलिंगचं काम मी घेतलं होतं. जिप्समचे बोर्ड लावून झाले होते, सांधे टेपने बंद केले होते आणि मालकाला वर "काहीतरी वेगळं" पाहिजे होतं. वेगळं म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्या माणसांनी ओल्या पुट्टीवर स्पंज मारून दाखवला, ब्रश आपटून दाखवला, कंगवा फिरवून दाखवला. त्याची मान आडवीच. मी वैतागून बाहेर आलो, तर कुंपणापलीकडे तू अंगण सारवत होतीस. उकिडवी बसून मागे मागे सरकत होतीस आणि तुझ्या हाताखालून एकाला एक लागून कमानी उमटत होत्या. मी थांबलो, बघितलं आणि म्हणालो, "बाई, हे वर जमंल का?" झालं. एवढीच गोष्ट. यात तुझं डोकं कुठं आलं?

तुझी गोष्ट वेगळी होती. तुझ्या गोष्टीत मी कुंपणापाशी उभाच नव्हतो. मी आत कामगारांना शिव्या घालत होतो, त्या तुला अंगणात ऐकू येत होत्या, आणि शेवटी तू शेणाच्या हातांनी त्या बंगल्याच्या दारात येऊन म्हणालीस, "एवढं वरडण्यापरीस मला चढवा वर." ही गोष्ट तू प्रत्येक साइटवर सांगायचीस. माझी सांगून झाली की मगच सांगायचीस, म्हणजे लोकांच्या लक्षात तुझीच राहावी. आपलं जुंपलं की मालकाच्या घरची माणसं चहा घेऊन ऐकायला बसायची.

आता माझीच गोष्ट उरली. खोडायला कुणी नाही. परवा एका गिऱ्हाइकाला सांगायला लागलो आणि "हे वर जमंल का" म्हणून थांबलो, कारण त्या जागी तू "खोटं!" म्हणायचीस. कुणी म्हणालं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "बरं, पुढं?" पुढचं मला सांगताच येईना.

पण हे भांडण जुनं. माझी खरी तक्रार कन्हेरीची आहे. बारामतीजवळच्या त्या कन्हेरीच्या बंगल्यातल्या हॉलचं छत तू अर्धं टाकून गेलीस. खिडकीपासून मध्यापर्यंत तुझा हात, मध्यापासून दारापर्यंत कोरा बोर्ड. वास्तुशांत तोंडावर. आणि तू गेल्याचं कळल्यावर मालक सुभाषराव पहिलं वाक्य बोलले ते हे: "लई वाईट झालं. आता तेवढं खरवडून काढा."

मी काय केलं ते सांगतो. त्याआधी मला तुझ्या हाताबद्दल बोलू दे. तू होतीस तोवर मी ते बोललो नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. माल चांगला आहे असं मालासमोर म्हणायचं नसतं. मी बोर्डाच्या ट्रकवर हमाली करत होतो तेव्हापासून हे शिकलो, आणि याच्याच जोरावर दुकान उभं केलं. त्यात तू आधीच चढेल. "माझ्यासारखं सारवण अख्ख्या इंदापूर तालुक्यात न्हाय," असं स्वतःच सांगणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं?

पहिल्या दिवशी मी तुला परांचीवर चढवलं तेव्हा तू वर उभी राहिलीस, छताला हात लावलास आणि खाली उतरलीस.

"ही परांची वर घ्या."

"वर घेतली तर डोकं आपटंल, आक्का. उभं कसं राहणार?"

"उभ्यानं कुणी सारवतं व्हय?"

तेव्हापासून माझी माणसं प्रत्येक साइटवर परांची इतकी उंच बांधायची की तिच्यावर फक्त उकिडवं बसता यावं आणि हात वर केला की तळवा छताला टेकावा. माझा कामगार सलीम पुढे पत्र्याने पुट्टीचा पातळ हात द्यायचा. त्याच्या मागोमाग तू. तळवा पाण्यात बुडवायचा, झटकायचा, टेकवायचा आणि खांद्यातून एकच फेरा. सर्र. पुन्हा पाणी, पुन्हा सर्र. पुट्टी सुकून ओढायला लागायच्या आत पुढची कमान आधीच्या कमानीत बसली पाहिजे, नाहीतर सांधा दिसतो. माझ्या धंद्यात छताला सांधा दिसणं म्हणजे नाक कापलं जाणं. तुझ्या छतांना सांधा नव्हता. किती मोठा हॉल असो, कुठून सुरू झालं आणि कुठं संपलं ते मला, ज्याने काम करून घेतलं त्याला, नंतर सापडायचं नाही.

आणि तू मागे सरकायचीस. सारवताना माणूस ओल्यावर पाय पडू नये म्हणून मागे मागे दाराकडे जातं, हे खरं. पण तू वर होतीस, खाली फरशी होती, ओलं डोक्यावर होतं. मागे सरकायचं काही कारणच नव्हतं. पुढे तोंड करून कर म्हणून मी किती घसा फोडला. "पुढं सरकून हात वळत न्हाय," एवढंच उत्तर. फळीच्या टोकाला पोचलीस तर पाठमोरी खाली येशील, म्हणून आम्ही मागे आडवा बांबू बांधायचो, तरी माझा भरवसा नव्हता. मी स्वतः खाली उभा राहायचो. तू वरून विचारायचीस, "मुकादम, दार आलं का?" मी म्हणायचो, "अजून लांब हाय." दुकानात दहा कामं सोडून मी हे करायचो. दुसऱ्या कुणाला तिथं उभं करायचा मला धीर झाला नाही. हे तुला कळलं होतं की नाही, माहीत नाही. तू कधी बोलली नाहीस, मीही नाही.

उतरायचीस तेव्हा केसांपासून पायापर्यंत पांढरी. सलीम म्हणायचा, "आक्का, पिठाच्या डब्यात पडलीस का?" तू म्हणायचीस, "तुझ्या लग्नाला अशीच येते, नवरीपरीस गोरी दिसंन."

ओलं असताना छत नुसतं पांढरं दिसायचं. मालक तोंड पाडायचे. मी त्यांना संध्याकाळी बोलवायचो. उन्हं उतरायला लागली, खिडकीतून आडवा प्रकाश आला की प्रत्येक कमानीला सावली धरायची आणि सगळं छत हलल्यासारखं व्हायचं. मी किती घरांत ते बघितलं असेल, तरी दर वेळी तोंडातली तंबाखू चघळायची थांबायची. बायका दारातच थबकायच्या. मोठमोठी बोलणारी माणसं हळू बोलायला लागायची, देवळात शिरल्यासारखी. एकजण म्हणाला, "अगदी उजनीच्या पाण्यावरच्या लाटा." तू कोपऱ्यात हात धूत होतीस. म्हणालीस, "लाटा कुठल्या? शेण हाय ते. फकस्त वास न्हाय."

जमीन उचलून तू माणसाच्या डोक्यावर नेऊन ठेवलीस, आक्का. ज्याच्यावर पाय द्यायचा ते मान वर करून बघायला लावलंस. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तू बोटं लावायचीस त्यावरून मात्र आपलं कायम वाजलं. काम संपलं की दाराच्या वर, ओल्या पुट्टीत, तू चार बोटांची टोकं एकदा दाबायचीस. चार टिंबं. सारवण झालं की रांगोळीचं बोट ओढायचंच, कोरं ठेवायचं नाही, कारण घरातून मढं उचललं की मागे सारवतात त्यालाच रांगोळी नसते. हे तू मला पहिल्याच कामाला सांगितलंस. मला ते पटतही होतं. पण बावड्याच्या त्या गिऱ्हाइकाला कोण पटवणार? मी त्याच्याशी अख्खी सकाळ घासाघीस करून काम ठरवलेलं. काम झालं तसा तो बघायला आला आणि त्याने छताकडे बोट केलं. "मुकादम, हितं डाग हाय. हे घासून सारखं करा, मगच हिशेब." मी तुला म्हणालो, बुजव. तू फळीवर बसूनच त्याला विचारलंस, "घरात कोण वारलंय का?"

"न्हाय! असं काय बोलता?"

"मग ऱ्हाऊ द्या डाग."

गिऱ्हाईक पांढरंफटक. त्याने हिशेब निमूट पुरा केला, वर तुला साडी दिली. मला काय दिलं? चहासुद्धा बायकोने आणला तो तुलाच आधी. परतीच्या वाटेवर मी टेम्पोत तुझ्यावर तोंड टाकलं, की बोलणी करायचं काम माझं आहे, तू मधे पडू नकोस. तू साडीची घडी उलगडून बघत होतीस. "काठ बरा हाय," म्हणालीस.

आता कन्हेरी.

त्या दिवशी तू मधेच थांबलीस. ओली कड समोर, सलीम पुट्टीचा पुढचा हात द्यायला टेकलेला, आणि तू म्हणालीस, "उरलेलं उद्या." मी ओरडलो. कुणीही ओरडला असता. उद्या म्हणजे ही कड वाळणार, सांधा दिसणार, आणि हे मला तूच शिकवलेलं. "आक्का, अर्ध्यात उठतीस? आजवर कधी उठलीस का?" तू हात धुतलेस, केसांवरचं फडकं सोडलंस. "पाठ भरून आलीया. जाते." एवढंच. एसटीने गेलीस. मी टेम्पोने सोडतो म्हणालो होतो, तर म्हणालीस, "तू वरडत सोडशील, त्यापरीस एसटी बरी." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या लेकाचा फोन आला.

छातीत दुखतंय असं का म्हणाली नाहीस? पाठ सगळ्यांचीच भरून येते. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट फोड करून सांगणारी बाई, नेमकं तेव्हाच दोन शब्दांत निघून गेलीस. बारामतीत दवाखान्यांची काय कमी होती? हे मी तुला माफ करणार नाही. तू वर बसून काय पाहिजे ते म्हण.

सुभाषराव खरवडा म्हणाले तेव्हा मी हॉलमध्ये गेलो. सलीम मागे पत्रा घेऊन उभा होता, मी सांगायची वाट बघत. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी फरशीवर उताणा पडलो. बाहेरून उन्हं आडवी यायला लागली होती.

आक्का, त्या कमानी लहान होत गेल्यात.

खिडकीपाशी त्या चांगल्या हातभर आहेत. मग ओळीओळीने त्या आखूड होतात. मध्याकडे येईपर्यंत वीतभर. पण कुठं वेडीवाकडी नाही, कुठं एकीची कड दुसरीतून सुटलेली नाही. हात वर जाईना, तसा तू फेराच लहान केलास. आम्हाला खालून कुणाला कळलं नाही. सलीम तर म्हणाला होता, आक्कानं आज नवं डिझाईन काढलं. खिडकीपासून मध्यापर्यंत तुझी ती दुपार तिथं लिहिल्यासारखी उमटली होती, आणि मी तिच्याखाली उभा राहून "अजून लांब हाय" म्हणत होतो. ते सगळं छत मिळून इतकं देखणं झालं होतं की मला उठता येईना. कुणीतरी दूर दूर चालत गेल्यावर वाटेवर जसं लहान होत जातं तसं.

मी उठलो आणि सुभाषरावांना म्हणालो, "हे खरवडायचं न्हाय."

"मग काय करायचं?"

मी बोली लावली. आयुष्यभर लावत आलो त्याच्या उलट्या बाजूने. म्हणालो, याला हात लावू नका, वरच्या मजल्याचं सगळं सिलिंग माझ्याकडून फुकट. त्यांनी डोळे बारीक केले. म्हणालो, शिवाय पोर्चसुद्धा. ते आणखी सावध झाले.

"मुकादम, तुमी कधी आपणहून भाव उतरवलाय? ह्यात कायतरी गोम हाय."

"गोम न्हाय."

"माणूस गेलेल्याचं अर्धं काम घरात ठेवून वास्तुशांत करायची? चार पै-पाव्हणं काय म्हणतील?"

माझा पारा चढला. म्हणालो, चार पाहुण्यांनी असलं काही जन्मात बघितलंय का? ते म्हणाले, घर माझं हाय. मी म्हणालो, हात माझ्या माणसाचा हाय. आमचे आवाज ऐकून आतून काठी टेकत त्यांची आई बाहेर आली. घरातले तिला जिजी म्हणतात. नव्वदीची असेल. तिने खुर्ची मागवली, खिडकीपाशी बसली आणि मान मागे टाकून बघत राहिली.

"सारवलंय की वो हे," जिजी म्हणाली. "कोण हुती बाई?"

"पळसदेवची, जिजी. आक्का म्हणायचो."

"हात दमला तिचा हितं." काठीने तिने नेमकी ती ओळ दाखवली जिथून कमानी आखडल्यात. मी उताणा पडून जे बघितलं ते तिने खुर्चीत बसल्या बसल्या बघितलं. "बोट लावलंय का?"

"न्हाय. पुरं झालंच न्हाय."

"मग बिनबोटाचं हाय हे. असल्या छताखाली मी निजायची न्हाय."

सुभाषराव लगेच म्हणाले, "म्हणूनच मी म्हणतोय, आई, खरवडून काढू."

"खरवडून काय व्हतंय? तिनं हात घातला तो घातला." जिजी त्यांच्याकडे बघतही नव्हती. "बाई सारवता सारवता उठती. कुणाला कळा येत्यात, कुणाला माहेरचा सांगावा येतो, कुणाला वरचा येतो. मग घरातली दुसरी बसती अन् पुरं करती. आमच्यात असंच हाय. सारवण अर्धं ठेवायचं न्हाय, अन् खरवडायचं तर न्हायच न्हाय."

"पण आता करणार कोण? मुकादमाकडं तसलं माणूस न्हाय."

"ह्या घरातल्या बायका मेल्यात का?"

सुभाषरावांची बायको दारात उभी होती. तिने पदर खोचला. तिची सून म्हणाली, "जिजी, मी आयुष्यात शेणात हात घातला नाही. मला रांगोळीसुद्धा छापाची येते."

"ही पुट्टी हाय, शेण न्हाय. चढ."

मला हे थांबवायला हवं होतं. धंदा म्हणून सांगतो, असलं काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलं असतं तर रस्त्यावर आणून फेकलं असतं. पण मी सलीमला म्हणालो, कड ओली कर, पातळ हात दे. आणि त्या दोघी परांचीवर उकिडव्या बसल्या. सासूचा फेरा मोठा, ओबडधोबड, जोरकस. सुनेचा कधी कमान, कधी नुसता फराटा. पुट्टी तिच्या चष्म्यावर पडली, हसता हसता तिचा तोल गेला, सासूने दंड धरला. जिजी खालून ओरडत होती. "मनगट सोड, खांद्यातनं घे! भाकरी थापायली न्हाईस!" सुभाषराव मोबाईल धरून उभे होते, फोटो काढायचे विसरले होते.

सांधा दिसतो, आक्का. लपवायचा म्हटलं तरी लपणार नाही. वीतभर कमानींची तुझी शेवटची ओळ, आणि तिला लागून सासूचा पहिला दांडगा फेरा. दारातून आलेल्या आंधळ्यालाही कळेल की इथं हात बदलला.

दाराशी पोचल्यावर सुभाषरावांच्या बायकोने बोटं वर केली, तर जिजी म्हणाली, "तू नगं. मुकादमाला चढवा. तिच्याकडचं हितं दुसरं कोण हाय?"

मी म्हणालो, हे बायकांचं काम. जिजी म्हणाली, "मघाशी हात माझ्या माणसाचा म्हणून कोण वरडत हुतं?"

चढलो. बोर्ड बसवताना मी जन्मभर वर चढलोय, पण उभ्याने, स्क्रूवर नजर ठेवून. तुझ्यासारखा गुडघे मुडपून, कपाळाला छत लागेल असा मी कधी बसलो नव्हतो. बसलो, मान वर केली आणि मला काही दिसेना. कमानी नाहीत, लाटा नाहीत, शेण नाही. नाकासमोर ओलं पांढरं, आणि त्यात माझी स्वतःची बोटं. बाकी सगळं पाठीमागे. तिथून नक्षी दिसतच नाही, आक्का. तू इतकी वर्षं हे आंधळेपणानं केलंस. आम्ही खालून बघून थक्क व्हायचो ते तू करताना एकदाही बघितलं नव्हतंस. किती मोठा फेरा घ्यायचा, तो कुठं मिळेल, संध्याकाळचं ऊन त्याला कसं लागेल, हे तुझ्या खांद्यात होतं. मी तसाच बसून राहिलो. खालून सलीम म्हणाला, "मुकादम, पुट्टी ओढायला लागली." मग मी चार बोटं दाबली. वाकडी उमटली.

वास्तुशांत झाली. हॉलमध्ये पंगती बसल्या आणि जेवण विसरून माणसं वर बघत होती. सुभाषरावच आता ज्याला त्याला सांगत होते. "हितपतुर पळसदेवच्या आक्का, हितनं पुढं आमच्या घरचा हात." माझं नाव कुठंच नाही. कल्पना कुणाची, हे तर कुणी विचारलंच नाही. मी बुंदी खात ऐकत होतो. तू असतीस तर मधे पडलो असतो.

हात धुवायला उठलो तेव्हा इंदापूरचा एक माणूस मागे आला. नवं घर बांधतोय. मोठं. त्याला असंच छत पाहिजे.

"सारवणाचं?"

"न्हाय, न्हाय. असंच. ह्या बाजूला बारीक होत आलेलं अन् मधनं एकदम बदललेलं. ते मधलं लई भारी हाय. काय घेणार?"

तू मला ओळखतेस, आक्का. असला प्रश्न कानावर पडला की माझ्या जिभेवर आकडा तयार असतो, समोरच्याचं तोंड बघून वाढवलेला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ते मिळत न्हाय."

त्याला वाटलं मी ताणून धरतोय. त्याने स्वतःच आकडा सांगितला. चांगला होता. मी म्हणालो, मिळत नाही. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "तुमची ख्याती ऐकलीया, मुकादम," आणि आणखी वर गेला. माझ्याच खेळात तो माझ्याशी एकटा खेळत होता, आणि मला राग येईना, हसूही येईना.

मग मी त्याला बाहेर मांडवात नेलं, खुर्ची दिली आणि साध्या सपाट छताचा भाव सांगितला. त्याने तो लगेच निम्म्यावर आणला. तिथून पुढे मात्र घासाघिशीत मी त्याला सोडला नाही.